एकतीस नंबरचा अर्क

"मिसेस दातार, हे उंदीर आपल्या बोर्ड मेंबरांपेक्षा हुशार आहेत," डॉ. सबनीस म्हणाले. ते आमचे डायरेक्टर. माझा तक्ता ते तिसऱ्यांदा वाचत होते.

औषध दिलेल्या दहा उंदरांपैकी नऊ उंदरांना दोन आठवड्यांपूर्वी शिकवलेलं आठवत होतं. ज्यांना औषध दिलं नव्हतं, त्या दहांपैकी फक्त तिघांना.

"सर, मला हे जरा जास्तच वाटतंय."

"चांगला रिझल्ट कधी जास्त असतो का?"

"उंदीर इतके हुशार नसतात."

"आता झालेत ना! एकतीस नंबरमुळे."

"शिवाय त्यांची वजनं वाढली आहेत. त्याचं कारण मला कळत नाही."

"म्हणजे स्मरणशक्ती आणि प्रकृती, दोन्ही. बाटलीवर दोन ओळी छापता येतील." त्यांनी चष्मा काढला. "पुढच्या महिन्यात परदेशातले पाहुणे येतायत. तिसरी ट्रायल ताबडतोब लावा."

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. अंधेरी-कुर्ला रोडवरच्या एका औषध कंपनीच्या रिसर्च विभागात मी फार्माकॉलॉजिस्ट होते. फार्माकॉलॉजिस्ट म्हणजे औषध शरीरात जाऊन नेमकं काय करतं ते बघणारा माणूस. बहुतेक वेळा ते काहीच करत नाही, असं लेखी कळवणं हे आमचं मुख्य काम. कंपनी आता नाही, म्हणून तिचं नाव सांगून उपयोग नाही. एकतीस नंबर ही कोणती वनस्पती तेही सांगणार नाही. सांगितलं तर उद्या कुणीतरी तिचं तेल काढून विकायला लागेल.

आयुर्वेदात बुद्धीसाठी, स्मृतीसाठी म्हणून ज्या वनस्पती सांगितल्या आहेत त्या एकेक आणायच्या, वाळवायच्या, अल्कोहोलमध्ये भिजवून त्यांचा अर्क काढायचा आणि उंदरांना देऊन बघायचा, असा तो प्रकल्प होता. याला स्क्रीनिंग म्हणतात. गव्हातले खडे निवडण्यासारखंच हे काम, फक्त इथे पोतंभर खड्यांत एखादा गहू सापडला तर सापडला. डॉ. सबनीसांनी त्याला 'प्रोजेक्ट मेधा' असं नाव दिलं होतं आणि त्या नावाचे लेटरहेड काम सुरू होण्याआधीच छापून आणले होते.

उंदरांना काही आठवतं की नाही हे कसं बघायचं? आमच्याकडे एक लाकडी पेटी होती. तिच्या तळाला तारांची जाळी आणि वरून लोंबणारा एक दांडा. उंदीर आत सोडायचा. बझर वाजवायचा. दहा सेकंदांनी जाळीतून विजेचा हलका झटका द्यायचा. उंदीर उडी मारून दांड्यावर चढतो. चार-पाच दिवसांत तो शहाणा होतो आणि झटक्याची वाट न बघता बझर वाजताच चढतो. मग त्याला दोन आठवडे सुट्टी. या सुट्टीत त्याला रोज औषध द्यायचं, पण पेटी दाखवायची नाही. पंधराव्या दिवशी पुन्हा पेटीत सोडून बझर वाजवायचा. चढला तर आठवतंय. मिशा साफ करत बसला तर विसरला.

अर्धे उंदीर औषधाचे, अर्धे नुसत्या पाण्याचे. पाण्याच्या उंदरांना आम्ही 'कंट्रोल' म्हणतो. ज्यांना काहीच दिलेलं नाही त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय औषधाने काय केलं ते कळत नाही. बाटल्यांवर फक्त अ आणि ब लिहिलेलं असे. कोणती बाटली कशाची, हे मला निकाल लिहीपर्यंत ठाऊक नसायचं. मोजणाऱ्याच्या मनात काही असेल तर ते मोजण्यात उतरतं, म्हणून ही काळजी.

उंदरांना रोज औषध घालायचं काम परबांचं. तातू परब, ॲनिमल हाउसचे अटेंडंट. पन्नाशी उलटलेली, मूळ देवगडाकडचे, आधी गिरणीत होते. टोकाला गोल बोंड असलेली सुई उंदराच्या घशाखाली उतरवून औषध सोडायचं, हे काम दिसतं तितकं सोपं नाही. मला उंदीर दोनदा चावला आहे. परबांना कधीही नाही. ते हातमोजे घालत नसत. उंदरांना 'मंडळी' म्हणत. "बाई, मंडळी आज जेवली नाय नीट," असा रिपोर्ट ते मला सकाळी देत, आणि तो माझ्या वहीतल्या आकड्यांइतकाच बरोबर असे.

एकतीस नंबरच्या पहिल्या ट्रायलमध्ये औषधाच्या उंदरांचा निकाल पाण्याच्या उंदरांपेक्षा किंचित बरा आला होता. इतका किंचित, की तो योगायोगही असू शकेल. त्याच सुमारास एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत परब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात म्युनिसिपल हॉस्पिटलचा केसपेपर.

"बाई, जरा वाचून दाखवता? डॉक्टर घाईत होता."

पेपर त्यांच्या बायकोचा होता. इंदू परब, वय बावन्न. एक वर्षापासून विसरत होत्या. आधी आमटीत दोनदा मीठ, मग तीनदा. मग मासे न साफ करताच कालवणात. मग एकदा घाटकोपरच्या बाजारातून घरी येताना रस्ता चुकल्या आणि संध्याकाळपर्यंत एका रेशनच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या. परबांनी गावी जाऊन देवाला गाऱ्हाणं घातलं होतं. गुण आला नाही, तेव्हा हॉस्पिटल.

पेपरवर शेवटी एक जर्मन आडनाव आणि पुढे प्रश्नचिन्ह होतं. अल्झायमर. आज हा शब्द सोसायटीच्या वॉचमनलाही ठाऊक आहे. तेव्हा माझ्या जाडजूड पुस्तकात त्यावर एक परिच्छेद होता, आणि साठीच्या आत ज्यांना असा विसर पडतो त्यांच्यापुरताच तो शब्द वापरत. म्हाताऱ्यांच्या विसरण्याला आजार म्हणायची पद्धत नव्हती. म्हातारचळ म्हणत आणि पुढच्या कामाला लागत.

"काय लिवलंय?"

"मेंदूचा आजार आहे, परब. हळूहळू वाढतो."

"औषध?"

"नाही."

त्यांनी केसपेपर घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "मग आपल्या बाटलीत काय हाय?"

"ते अजून ठरायचंय."

"थोडं देता? चमचाभर."

"नाही देता येणार. त्याने लिव्हर बिघडते की काय तेही आपल्याला माहीत नाही."

"मंडळींना काय होत नाय."

"मंडळी तक्रार करत नाहीत, परब."

यावर ते हसले. हसले ते माझ्यासाठी. मला फार अपराधी वाटलं आणि मी नको ते बोलून गेले. "हे बघा, पुढच्या ट्रायल नीट पार पडल्या, तर माणसांवर चाचणी करायची परवानगी मागता येईल. त्या यादीत वहिनींचं नाव मी स्वतः घालीन."

"नीट पार पडल्या तर," परब म्हणाले.

"हो."

"मग पडतील."

मी ते कामसू माणसाचं बोलणं समजले. दुसऱ्या ट्रायलमध्ये दहापैकी नऊ चढले.

तिसरी ट्रायल लागली. उंदीर शिकले, त्यांची सुट्टी सुरू झाली. आठवडाभराने रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी लॅबमध्ये गेले, कारण पाहुण्यांसाठी करायच्या स्लाइड्सचे आकडे असलेली वही मी शनिवारी तिथेच विसरले होते. गेटवर वॉचमन म्हणाला, "परब आहेत आत." त्यात नवल नव्हतं. उंदरांना रविवार नसतो, औषध रोज द्यावं लागतं.

जिना चढताना मला बझर ऐकू आला.

ॲनिमल हाउसचं दार अर्धवट उघडं होतं. परब स्टुलावर पेटीसमोर बसले होते. मांडीवर वर्तमानपत्राचा तुकडा, त्यात सुक्या खोबऱ्याचे बारीक काप. त्यांनी बझर दाबला. झटक्याचा स्विच बंद होता. दांड्याच्या वरच्या टोकाला त्यांनी खोबऱ्याचा तुकडा दोऱ्याने बांधला होता. उंदीर सरसर चढला आणि वर बसून खाऊ लागला.

"शाबास रे पुता," परब म्हणाले. "फुडच्या सोमवारी बाईंसमोर असोच चड. माका लाज आणू नको."

मग त्यांनी तो उंदीर काढला, पिंजऱ्यात ठेवला आणि त्याच पिंजऱ्यातला दुसरा घेतला. शेजारच्या, 'ब' लिहिलेल्या पिंजऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

वजन का वाढलं ते मला कळलं. बाकीचंही कळलं. मी दारातच उभी राहिले. खरं तर संताप यायला हवा होता. दोन ट्रायलचं काम गेलं होतं.

"परब."

ते दचकले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला. "बाई! या, बघा. आता दहाच्या दहा चडतत."

"हे तुम्ही कधीपासून करताय?"

"मागच्या टायमापासून. दर रविवारी. आणि अधूनमधून संध्याकाळी, तुम्ही गेल्यावर." त्यांना यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. रविवारी बिनपगारी जास्त काम केल्याबद्दल मी शाबासकी देईन अशी त्यांची अपेक्षा असावी.

"पण का?"

"का म्हणजे? नुसतं औषध देऊन काय होतं, बाई? आमच्या झिलाला, रमेशला, चौथीत ब्राह्मी देत होतो. हिनेच सुरू केली होती. म्हणून काय तेराचा पाढा आपोआप आला? रोज संध्याकाळी हिने बसवून म्हणून घेतला. औषधाने डोकं तयार होतं. घोकून तर घ्यायलाच लागतं."

माझ्या आईनेही मला ब्राह्मीचं सरबत पाजून परवचा म्हणून घेतला होता. ब्राह्मी खरी की परवचा, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नव्हता.

"आणि ब पिंजरा? त्यांचं का नाही घेतलंत?"

"त्यांना कुठे औषध हाय? उगाच मेहनत."

"अ मध्ये औषध आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वास येतो ना. ओल्या गोणपाटासारखा. मीच घालतो रोज."

मी दुसऱ्या स्टुलावर बसले. आम्ही सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. माझ्या, डॉ. सबनीसांच्या, हिशेब तपासणाऱ्याच्या. जो माणूस रोज उंदीर हातात घेत होता त्याच्या डोळ्यांवर बांधली नव्हती. बाटल्यांना वास येतो हे आमच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. परबांनाही काही हवं असेल, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.

मी त्यांना समजावून सांगितलं. सोप्या शब्दांत, वीस मिनिटं. परब हुशार होते. मधेच एका ठिकाणी त्यांचा हात खोबऱ्याच्या पुडीवर थांबला, तेव्हा त्यांना कळल्याचं मला कळलं.

"म्हणजे ते औषधाने नाय चडले?"

"माहीत नाही. औषधाने चढले की खोबऱ्याने, ते आता सांगता येत नाही."

"मग पयल्यापासून करा."

"करावंच लागेल."

"किती दिवस?"

"दीड-दोन महिने."

खिशातून ॲनिमल हाउसची किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "आता मी आत येत नाय. तुम्हीच घाला औषध. माझ्या हाताला काय भरवसा नाय." मग म्हणाले, "आता शालूचं नाव विसरते, बाई. आमची पोरगी. लवकर करा."

सोमवारी मी डॉ. सबनीसांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दार लावून घेतलं.

"हे कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"मला आणि परबांना."

"म्हणजे कोणालाच नाही."

"सर, ट्रायल रद्द करावी लागेल. दोन्ही."

"पाहुणे गेल्यावर करा."

"मी ती स्लाइड दाखवणार नाही."

"मी दाखवीन. तळाला 'प्राथमिक' असं लिहू, बारीक अक्षरात. आणि त्या माणसाला आजच काढून टाका."

"काढा. पण मग कारण लेखी द्यावं लागेल."

यावर त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. परबांची नोकरी राहिली. आमच्या खात्यात सत्याचं रक्षण बहुधा अशाच मार्गांनी होत असे.

पाहुणे आले. गेटवर दोन तुतारीवाले उभे केले होते. शेजारच्या स्क्रूच्या कारखान्यातले कामगार लग्न आहे समजून बघायला आले. चंदनाचे हार झाले, स्लाइड झाली, टाळ्या झाल्या. मग ॲनिमल हाउसची पाहणी. एका वयस्कर पाहुण्याने दाराशी उभ्या असलेल्या परबांकडे बघून मला विचारलं, या उंदरांना खरंच आठवतं का? मी प्रश्न मराठीत सांगितला. परब म्हणाले, "शिकवलं तर आठवतं." मी तेवढंच भाषांतर केलं. पाहुण्यांना ते उत्तर फार विनयशील वाटलं. डॉ. सबनीस घाम पुसत होते.

नवे उंदीर आणले. या वेळी दुसऱ्या खात्यातल्या माणसाकडून पाण्याच्या बाटलीत गोणपाटाच्या वासाचं, पण निरुपद्रवी काहीतरी मिसळून घेतलं आणि कोणती बाटली कशाची ते लिफाफ्यात बंद करून ठेवायला सांगितलं. औषध मीच घालत होते, रविवारीसुद्धा. उंदरांनी माझ्या अंगठ्याला दोनदा चावे घेतले. परब बाहेर पिंजरे धूत, भुसा बदलत. आत डोकावत नसत. रोज निघताना विचारत, "आज कितवा दिवस?" मी सांगत असे. ते बोटांवर मोजून उरलेले दिवस सांगत आणि घाटकोपरची बस पकडायला जात.

पंधराव्या दिवशी मी त्यांना आत बोलावलं. नियमात ते बसत नव्हतं. पण दाराबाहेर उभं राहून बझर ऐकायला लावणं कोणत्याच नियमात बसलं नसतं.

पहिला उंदीर सोडला. बझर. उंदीर जाळीवर बसून मिशा साफ करू लागला. दुसरा चढला. तिसरा कोपऱ्यात गेला. चौथा दांड्याला हुंगून परत आला. परब भिंतीला टेकून उभे होते. प्रत्येक बझरला त्यांची हनुवटी किंचित वर होत होती, जणू ते स्वतःच चढतायत.

वीस उंदीर संपले. मी लिफाफा फोडला. औषधाच्या दहांपैकी तीन चढले होते. पाण्याच्या दहांपैकी चार.

"कोणते कुठले?" परबांनी विचारलं.

मी सांगितलं.

"म्हणजे ह्याच्यात काय नाय."

"नाही, परब."

"पुन्हा केलं तर?"

"करीन. एकदा आणखी करीन. पण मला वाटत नाही."

एकदा आणखी केलं. निकाल तोच. मी रिपोर्ट लिहिला, एकतीस नंबर निष्क्रिय. मग बत्तीस नंबर, तेहतीस नंबर. वर्षअखेरीला प्रोजेक्ट मेधा बंद झाला आणि डॉ. सबनीस मधुमेहाकडे वळले.

परब मात्र एकतीस नंबरच्या शेवटच्या निकालाच्या दिवशी ॲनिमल हाउस झाडता झाडता एकदम थांबले होते. "बाई, मी शिकवलेली मंडळी तर चडली होती ना? औषध काय कामाचं नव्हतं तरी?"

"हो."

"मग शिकवल्यानेच राहिलं."

मी हो म्हटलं, कारण ते खरं होतं. पुढचं वाक्य मी बोलले नाही. त्या उंदरांचे मेंदू धडधाकट होते. शिकवलेलं ठेवायला त्यांच्याकडे जागा होती. इंदूवहिनींच्या मेंदूत नेमकी ती जागाच झिजत चालली होती. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं की नव्हतं, याचा निकाल मला आजपर्यंत लावता आलेला नाही.

सहा-सात महिन्यांनी परबांनी मला घरी बोलावलं. "एकदा बघून जा. तुम्हाला समजेल फरक हाय की नाय." घाटकोपरला भटवाडीच्या टेकडीवर त्यांची खोली होती. दुपारचे चार वाजले होते. इंदूवहिनी दारातच चटईवर बसल्या होत्या. स्वच्छ पातळ, चापून चोपून घातलेला अंबाडा, त्यात अबोलीचा वळेसर. हे सगळं परब रोज कामावर येण्याआधी करत असणार. दिवसा शेजारीण लक्ष ठेवायची.

भिंतीवर खडूने नावं लिहिली होती. रमेश, शालू, देवगड, घाटकोपर. वहिनींना वाचता येत होतं, अक्षरं अजून शाबूत होती.

"इंदू, ह्या बाई इल्या हत. आपल्या कंपनीतल्या."

त्यांनी मला नमस्कार केला. "मास्तरीणबाई काय?"

"हां, तशाच," परब म्हणाले. मग ते वहिनींसमोर मांडी घालून बसले. "सांग बगू. आपल्या झिलाचा नाव?"

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "रमेश."

"आणि चेडवाचा?"

"शालू."

परबांनी माझ्याकडे पाहिलं. चांगला निकाल हाती आल्यावरचा चेहरा मी डॉ. सबनीसांचाही पाहिला होता, पण त्यात आणि यात काही साम्य नव्हतं.

"आणि माजा नाव?"

वहिनींनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर परबांचं नाव नव्हतं. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून त्यांनी ते लिहिलं नसावं. किंवा ते लिहावं लागेल असं त्यांना वाटलंच नसेल. वहिनींनी परबांना नीट न्याहाळलं. मग पदर सावरून, परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने विचारलं, "तुमी खयचे?"

परब म्हणाले, "देवगडचो."

वहिनींचा चेहरा एकदम फुलला. "असा? माजो घोव थयसरचोच. मिलीत कामाक असता. येतलो इतक्यात. बसा, चाय घेवन जावा."

"बसतंय," परब म्हणाले.

चहा परबांनीच केला. आम्ही तिघांनी घेतला. वहिनी मधूनमधून दाराबाहेर बघत होत्या. नवऱ्याला उशीर झाला म्हणून त्यांना पाहुण्यांची लाज वाटत होती. तसं त्यांनी मला दोनदा बोलून दाखवलं.

टेकडी उतरताना परब मला बस स्टॉपपर्यंत सोडायला आले. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "पोरांची नावं येतात मात्र. बघितलंत ना?"

"बघितलं."

"बाई, एक विचारू? शिकवलं नसतं तर ती आधीच विसरली असती ना?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायची रीत मला ठाऊक होती. त्याला दोन इंदू लागतात. एकीला शिकवायचं, दुसरीला काही करायचं नाही, आणि कोण आधी विसरते ते मोजायचं. परबांकडे एकच होती.

"हो," मी म्हटलं. "खूप आधी."

"तेच म्हणतो मी," परब म्हणाले, आणि माझी बस आली.

वहिनी त्यानंतर दोन वर्षं होत्या. परब शेवटपर्यंत रोज शिकवत होते, असं त्यांच्या शालूने मला नंतर सांगितलं.

धंद्याच्या दृष्टीने मी यातून शिकले ते इतकंच. ट्रायल लावताना औषध घालणाऱ्याच्याही डोळ्यांवर पट्टी हवी, आणि त्याच्या घरी कोण आजारी आहे हे आधी विचारावं. पुढे मी हे विचारायची तेव्हा तरुण सहकाऱ्यांना ते बाईमाणसाचं कुतूहल वाटे. वाटू दिलं.

बाकी सगळ्या नोकरीत पुरावा हातात नसताना मी ठामपणे केलेलं विधान ते टेकडीवरचं एकच. ते मी अजून मागे घेतलेलं नाही.